क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, पण कोणासाठी?

पाच वर्षांच्या मुलाचा रक्ततपासणीचा अहवाल हातात आला आहे, असे समजा. क्रिएटिनिनपुढे १.० हा आकडा आहे. शेजारच्या रकान्यात संदर्भमूल्य छापले आहे, ०.७ ते १.३. आकडा या दोन टोकांच्या मध्ये बसतो, म्हणून तो ठळक केलेला नाही आणि त्यापुढे बाणही नाही. मूत्रपिंडे ठीक आहेत, असे समजून घरचे निश्चिंत होतात. आता मुलाची उंची मोजली आणि ती ११० सेंटिमीटर भरली. बालरोगतज्ज्ञ वापरतात ते सोपे सूत्र असे आहे की, उंचीला ०.४१३ ने गुणायचे आणि आलेल्या संख्येला क्रिएटिनिनने भागायचे. उत्तर येते ४५. निरोगी मुलात ते ९० च्या वर, बहुधा शंभराच्या पुढे असायला हवे. म्हणजे ज्या अहवालात काहीच खुणावलेले नाही, त्या मुलाची मूत्रपिंडे निम्म्याहून कमी काम करत आहेत.

यात प्रयोगशाळेने आकडा चुकीचा दिलेला नाही. चुकली आहे ती तुलना. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि मूत्रपिंडे ते रक्तातून बाहेर टाकतात. तीस वर्षांच्या पुरुषाच्या अंगावर जितके स्नायू असतात त्याच्या काही अंशानेच ते पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावर असतात. त्यामुळे त्याचे क्रिएटिनिन साधारण ०.३ ते ०.५ च्या आसपास असणे अपेक्षित आहे. त्याच्यासाठी १.० म्हणजे दुप्पट किंवा त्याहून जास्त. उंची आणि क्रिएटिनिन यांची सांगड घालणारे हे सूत्र जॉर्ज श्वार्ट्‌झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडले आणि २००९ मध्ये सुधारले. त्यातून मिळते ती गाळणक्षमता, म्हणजे वैद्यकीय भाषेतला जीएफआर. मूत्रपिंडे दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात याचा हा अंदाज शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या प्रमाणात सांगतात. (हा १.७३ चा आकडा १९२० च्या दशकातील अमेरिकी तरुण प्रौढांच्या सरासरी आकारावरून आलेला आहे. मुलांची मोजणीदेखील अजून त्यांच्याच मापाने होते.)

हे मूल रक्तदाबाच्या उपचारासाठी आले असेल, तर हा फरक केवळ निदानापुरता राहत नाही. कोणते औषध द्यायचे, किती द्यायचे आणि पुन्हा रक्त कधी तपासायचे, हे तिन्ही निर्णय त्या ४५ वर अवलंबून असतात. आणि लहान मुलांच्या रक्तदाबात मूत्रपिंडाचा प्रश्न आडवाटेने येत नाही, तो दारातच उभा असतो. प्रौढांत रक्तदाब वाढण्याचे एकच एक कारण बहुतेकदा सापडत नाही. पौगंडावस्थेतल्या स्थूल मुलांतही आता तसेच दिसू लागले आहे. पण सहा-सात वर्षांच्या आतील मुलाचा रक्तदाब खरोखरच वाढलेला असेल, तर डॉक्टर सर्वांत आधी मूत्रपिंडांकडे आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांकडे पाहतात. जन्मतः मूत्रमार्गात असलेला अडथळा, लघवी उलट वर चढून पडलेले व्रण, नेफ्रोटिक सिंड्रोम, खरूज चिघळल्यावर किंवा घसा सुजल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येणारी मूत्रपिंडाची सूज, भारतात तुलनेने जास्त आढळणारा ताकायासू आर्टरायटिस हा धमन्यांचा विकार, ही त्यातली नेहमीची नावे. थोडक्यात, जो अवयव बिघडल्यामुळे औषध द्यावे लागते, पुष्कळ औषधे शरीराबाहेर टाकण्याचे काम त्याच अवयवाकडे असते.

औषध शरीरातून दोन मुख्य वाटांनी बाहेर जाते. काही औषधे यकृतात मोडली जातात, काही जशीच्या तशी मूत्रपिंडातून लघवीत उतरतात आणि बरीचशी दोन्ही वाटा कमीअधिक वापरतात. रक्तदाबाच्या औषधांत या दोन टोकांची उदाहरणे अगदी स्वच्छ सापडतात. लिसिनोप्रिल हे औषध यकृतात मोडत नाही. पोटातून जितके शोषले गेले तितके सगळे मूत्रपिंडांनाच बाहेर काढावे लागते. अ‍ॅम्लोडिपिनचे उलट आहे. त्याचा जेमतेम दहावा भाग मूळ रूपात लघवीत येतो, उरलेले यकृत निकामी करते. बीटा-ब्लॉकर गटात हीच जोडी अ‍ॅटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल यांची आहे. पहिले मूत्रपिंडाच्या भरवशावर, दुसरे यकृताच्या. एनालाप्रिल मधले आहे. गोळीतले एनालाप्रिल स्वतः फारसे काही करत नाही, यकृत त्याचे एनालाप्रिलॅट बनवते आणि मग रक्तदाब उतरतो. पण हे एनालाप्रिलॅट बाहेर काढायचे काम पुन्हा मूत्रपिंडांचेच. ‘हे यकृतातले औषध आहे’ असे म्हणून एनालाप्रिलकडे पाहिले, तर निम्मीच गोष्ट कळलेली असते.

बाहेर जाण्याची वाट अरुंद झाली की रोजची गोळी साठत जाते. कालच्या मात्रेचा काही भाग आज शिल्लक असतो, त्यावर आजची मात्रा पडते. आठवड्याभरात रक्तातली पातळी अशा उंचीवर स्थिरावते, जी त्याच वजनाच्या निरोगी मुलात कधीच आली नसती. लिसिनोप्रिलच्या बाबतीत याचा अर्थ रक्तदाब नको तितका उतरणे, चक्कर, आणि त्याहून धोक्याचे म्हणजे रक्तातले पोटॅशियम वाढणे. पोटॅशियम फार चढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तोपर्यंत बाहेरून काही दिसेलच असे नाही.

लहान मुलांचे औषध सांगताना ‘किलोला इतके मिलिग्रॅम’ ही भाषा सर्वत्र रूढ आहे. ती सोयीची आहे, पण काट्यावर मूत्रपिंडाचे वजन दिसत नाही. लिसिनोप्रिलची मुलांसाठीची सुरुवातीची मात्रा अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकात किलोला ०.०७ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा अशी आहे, आणि ती सहा वर्षे व त्यावरील वयासाठी आहे. अठरा किलोच्या मुलासाठी हिशेब केला तर सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास येतो. आपल्याकडे मिळणारी अडीच मिलिग्रॅमची गोळी निम्मी करून तो भागवता येतो. पण एकाच वजनाच्या दोन मुलांपैकी एकाची गाळणक्षमता ११० आणि दुसऱ्याची ४० असेल, तर किलोचा हिशेब दोघांना एकच गोळी देतो.

वयाचा गुंता त्यावर आणखी वेगळा. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाची गाळणक्षमता जन्मतः २० च्या आसपास असते, दोन आठवड्यांत ती जवळजवळ दुप्पट होते आणि प्रौढांच्या पातळीला पोहोचायला एक ते दोन वर्षे लागतात. गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, तयार होण्याचे काम गर्भाच्या ३६ व्या आठवड्याच्या सुमारास संपते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सुरुवात त्यामुळे मुळातच मागून होते. अतिदक्षता विभागात अशा बाळांच्या नाळेतल्या धमनीत नळी घालावी लागते. तिच्यामुळे कधी रक्ताची गुठळी होऊन मूत्रपिंडाचा पुरवठा अडतो आणि रक्तदाब चढतो. अशा वेळी कॅप्टोप्रिल देताना मोठ्या बाळाची मात्रा चालत नाही, ती कित्येक पटींनी कमी ठेवावी लागते. नवजात बाळाची मूत्रपिंडे औषध हळू काढतात, शिवाय त्याचा रक्तदाब ज्या रेनिन संप्रेरकावर टिकून असतो, त्याच यंत्रणेवर हे औषध घाव घालते. मात्रा जास्त झाली तर लघवी थांबल्याची आणि झटके आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

त्यानंतर चित्र उलटते. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत यकृताचा वेग किलोच्या मानाने प्रौढांपेक्षा जास्त असतो. अ‍ॅम्लोडिपिनवर मुलांत झालेल्या अभ्यासांत लहान वयाची मुले वजनाच्या तुलनेत औषध लवकर काढून टाकतात असे दिसले आहे, म्हणजे त्यांना किलोमागे जास्त मात्रा लागू शकते. सहा महिन्यांपूर्वी बरोबर असलेली चिठ्ठी वाढत्या मुलात आज अपुरी पडते, आणि मूत्रपिंडाचा आजार पुढे सरकत असेल तर तीच चिठ्ठी जास्त ठरते. हे दोन्ही बदल एकाच मुलात एकाच वेळी चालू असतात. ‘डॉक्टर दर वेळी रक्त का काढायला लावतात’ या पालकांच्या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बरेचसे इथे आहे.

बिघडलेल्या मूत्रपिंडात औषध नेहमी कमीच करायचे, असाही नियम नाही. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध रक्तात राहून काम करत नाही. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांनी ते आतल्या पोकळीत ढकलले, तरच ते मीठ-पाणी बाहेर काढते. नलिका थकलेल्या असतील तर नेहमीची मात्रा तिथपर्यंत पोहोचतच नाही आणि डॉक्टरांना ती वाढवावी लागते. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये आतड्याला सूज असते, रक्तातली प्रथिने घटलेली असतात, तेव्हा तोंडाने दिलेले औषध आणखी कमी उपयोगी पडते. ‘किडनी खराब आहे आणि डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली’ हे ऐकून शेजारीपाजारी हबकतात, पण कधी कधी तेच बरोबर असते. यकृताची वाटही पूर्ण निर्धोक नाही. मूत्रपिंडे बराच काळ निकामी असली की रक्तात साचलेले विषारी घटक यकृतातल्या काही विकरांचे काम मंदावतात. म्हणून ‘अ‍ॅम्लोडिपिन मूत्रपिंडावर अवलंबून नाही’ हे विधान व्यवहारात खरे असले, तरी पुढच्या टप्प्यातल्या आजारात सगळ्याच यकृती औषधांना ते लागू करणे धाडसाचे ठरते.

एवढे सगळे माहीत असूनही खरी अडचण पुढे आहे. औषध बाहेर टाकण्याची क्षमता जिथे सर्वांत कमी आहे, तिथे मुलांसाठी आकडेच छापलेले नाहीत.

१९६० च्या दशकात अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी मुलांना औषधांच्या जगातले अनाथ म्हटले होते. औषधे प्रौढांवर तपासली जात, मुलांना अंदाजाने दिली जात, आणि माहितीपत्रकात ‘मुलांमधील सुरक्षितता सिद्ध झालेली नाही’ असे एक वाक्य टाकून कंपन्या मोकळ्या होत. १९९७ मध्ये अमेरिकेने कायदा केला की, सरकारने मागितलेले अभ्यास मुलांवर करून दाखवणाऱ्या कंपनीला त्या औषधाच्या बाजारातील मक्तेदारीची सहा महिने वाढीव मुदत मिळेल. रक्तदाबाच्या औषधांची विक्री अफाट, त्यामुळे सहा महिन्यांचे मोल मोठे होते. एकामागून एक चाचण्या झाल्या. यातून एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, लोसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन यांच्या माहितीपत्रकांत मुलांसाठी पहिल्यांदा ठोस मात्रा आल्या. युरोपीय संघाचे याच धर्तीचे नियम २००७ पासून लागू झाले.

या चाचण्यांचे फलित मिश्र होते. डॅनियल बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा सहा चाचण्यांचा ताळेबंद मांडला. त्यातल्या तीन चाचण्यांत मात्रा वाढवली तसा परिणाम वाढताना दिसलाच नाही. औषधे निरुपयोगी होती म्हणून नव्हे. कमी आणि जास्त म्हणून निवडलेल्या मात्रांत पुरेसे अंतर ठेवलेले नव्हते, आणि मुलांना घेता येईल असे पातळ औषधही सर्वत्र नव्हते. सवलत मिळवण्यापुरती चाचणी आणि मात्रा शोधण्यासाठीची चाचणी यांतला फरक इथे उघड झाला.

आणि या सगळ्या माहितीपत्रकांत एक ओळ जवळजवळ सारखी आहे. जीएफआर ३० च्या खाली असलेल्या मुलांना हे औषध देण्याची शिफारस नाही, कारण त्यांच्यावर अभ्यास झालेला नाही. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, लोसार्टन, तिन्हींत ती सापडते. प्रौढांसाठीच्या परिच्छेदात मात्र लिसिनोप्रिलची वाट पुढे जाते. गाळणक्षमता १० ते ३० असेल तर सुरुवातीची मात्रा निम्मी करा, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे साठ वर्षांच्या रुग्णाला नियम आहे आणि नऊ वर्षांच्या मुलाला मौन. ही काळजी आहे की हात झटकणे, असा प्रश्न पडावा. चाचणीत नाजूक मुलांना घेऊ नये हे समजण्यासारखे आहे. पण रक्तदाब आटोक्यात ठेवण्याची सर्वाधिक गरज असलेली मुले त्या रेषेखालीच असतात आणि प्रत्यक्षात ही औषधे त्यांना दिली जातातच. फक्त ती डॉक्टरच्या अनुभवावर आणि जबाबदारीवर दिली जातात.

ती का दिली जातात याचे उत्तर युरोपातून आले. ‘एस्केप’ नावाच्या चाचणीत ३३ केंद्रांतली ३८५ मुले होती. वय ३ ते १८, गाळणक्षमता १५ ते ८०. म्हणजे ३० च्या रेषेखालची मुलेही त्यात होती. सर्वांना रॅमिप्रिल दिले. त्यानंतर एका गटाचा चोवीस तासांचा सरासरी रक्तदाब त्या वयाच्या मधल्या पातळीच्याही खाली आणला, दुसऱ्या गटाचा नेहमीच्या मर्यादेत ठेवला. पाच वर्षांत मूत्रपिंडाचे काम निम्म्यावर येणे किंवा ते पूर्ण निकामी होणे हा टप्पा कडक नियंत्रणाच्या गटात २९.९ टक्के मुलांनी गाठला, तर दुसऱ्या गटात ४१.७ टक्के मुलांनी. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या उपचारपद्धतीवर त्यांचा परिणाम झाला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट मूत्रपिंडविकार असलेल्या मुलांसाठी हेच कडक लक्ष्य स्वीकारले. पण एस्केपने रक्तदाब किती उतरवावा हे सांगितले, रक्तात औषध किती साठते हे नाही. त्यासाठी पातळी मोजणारे अभ्यास लागतात, आणि ते थोडे आहेत. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या मुलांवर अमेरिकेत लिसिनोप्रिलचा असा एक अभ्यास झाला. वजन आणि गाळणक्षमता या दोन गोष्टी हिशेबात धरल्या, की प्रत्यारोपण झालेल्या मुलांतली औषधाची पातळी इतर रक्तदाबाच्या मुलांसारखीच आढळली. लहानसा अभ्यास, पण सुरुवातीची मात्रा अंदाजाऐवजी हिशेबाने ठरवण्याची सोय त्याने केली. रेषेखालच्या मुलांचे असे अभ्यास व्हायला अडचण पैशांची आणि इच्छेची आहे, तंत्राची नाही. हल्ली रक्ताच्या काही थेंबांतून पातळी मोजता येते.

भारतात या चित्राला आणखी काही कंगोरे आहेत. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे ५ टक्के मुलामुलींचा रक्तदाब वाढलेला आढळला, आणि सुमारे ७ टक्के मुलांमध्ये क्रिएटिनिनवरून जुनाट मूत्रपिंडविकाराचा धोका नोंदवला गेला. एका तपासणीवरून कोणालाही रुग्ण म्हणता येत नाही, तरी हा प्रश्न तुरळक मुलांचा नाही, एवढे त्यातून कळते. क्रिएटिनिनचा फसवेपणा मात्र आपल्याकडे दुहेरी आहे. प्रौढांचे संदर्भमूल्य ही एक चूक. दुसरी सूत्रातच लपलेली आहे. कुपोषित मुलाच्या अंगावर स्नायूच कमी, म्हणून त्याचे क्रिएटिनिन मुळात कमी, आणि सूत्र त्याची गाळणक्षमता आहे त्यापेक्षा चांगली दाखवते. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या डोंगरातल्या किडकिडीत मुलाला सूत्राने ६० दिले तरी खरा आकडा त्याहून खाली असू शकतो. सिस्टॅटिन-सी ही चाचणी स्नायूंवर अवलंबून नसते आणि इथे उपयोगी पडते, पण ती महाग आहे आणि तालुक्याच्या गावी सहसा होत नाही.

रक्तदाब मोजण्याचे साधनही तसेच. दंडाला गुंडाळायचा पट्टा मोठ्या माणसाचा असेल तर मुलाचा रक्तदाब आहे त्याहून कमी दिसतो, म्हणजे आजार लपतो. लहान असेल तर विनाकारण जास्त दिसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली आणि त्याची पथके अंगणवाड्या-शाळांत जाऊन मुले तपासतात. तीन वर्षांवरच्या मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा योग्य मापाच्या पट्ट्याने मोजणे, ही त्या पथकांसाठी काही फार खर्चाची बाब नाही.

औषधाच्या रूपाचा प्रश्न तर रोजचा. अमेरिकेत एनालाप्रिलचे पातळ औषध २०१३ मध्ये, लिसिनोप्रिलचे २०१६ मध्ये आणि अ‍ॅम्लोडिपिनचे २०१९ मध्ये मान्य झाले. आपल्याकडे घरोघरी गोळी मोडली जाते, चमच्याने चुरली जाते, पाण्यात कालवली जाते आणि त्यातले अर्धे पाणी मुलाला पाजले जाते. चुरा तळाशी बसला असेल तर वरच्या अर्ध्यात किती औषध आले हे कोणालाच सांगता येत नाही. शंभर गाळणक्षमता असलेल्या मुलात ही चूक बहुधा पचून जाते. तीसच्या मुलात ती साठते. भारताच्या २०१९ च्या औषध व चिकित्सा चाचणी नियमांत मुलांवरील चाचण्यांविषयी तरतुदी आहेत, पण कंपन्यांना असे अभ्यास आणि अशी रूपे तयार करायला भाग पाडणारा किंवा त्यासाठी सवलत देणारा अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा नाही.

मुलांचे पातळ औषध म्हटले की २०२५ चा पावसाळा आठवल्यावाचून राहत नाही. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले खोकल्याचे औषध पोटात गेल्याने मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना नागपूरला हलवले गेले, आणि वीसहून अधिक मुले दगावली. चर्चा झाली ती दोषी कोण आणि तपासणी कशी हुकली याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण अशा आघातातून जी मुले वाचतात त्यांची गोष्ट रुग्णालयातून घरी जाण्यापाशी संपत नाही. मूत्रपिंडांना अचानक जबर इजा होऊन सावरलेल्या मुलांत पुढे रक्तदाब वाढण्याचा आणि जुनाट मूत्रपिंडविकाराचा धोका जास्त राहतो. त्यांचा रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि उंचीसह क्रिएटिनिन वर्षानुवर्षे तपासावे लागते. या मुलांची नोंदवही कोणाकडे आहे, हा प्रश्न त्या बातम्यांत फारसा विचारला गेला नाही.

ज्या घरांत मूल आधीच ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ या नावांत संपणारी औषधे घेत आहे, तिथे धोका बहुतेकदा साध्या आजारपणात येतो. ही औषधे सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासतात. क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत वाढले तर डॉक्टर सहसा औषध चालू ठेवतात, कारण मूत्रपिंडाच्या गाळण्यांवरचा दाब कमी झाल्याची ती खूण असते. त्याहून जास्त वाढले तर दोन्ही बाजूंच्या धमन्या आधीच अरुंद नाहीत ना, हे पाहावे लागते. ताकायासूच्या मुलांत हे विशेष महत्त्वाचे, कारण तिथे हे औषध गाळणे जवळपास बंदच पाडू शकते.

उलट्या-जुलाब सुरू झाले की गणित बदलते. शरीरातले पाणी घटते, मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोहोचते, औषध बाहेर जाणे आणखी मंदावते. त्यात ताप आला म्हणून घरातले आयब्रुफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडचे सिरप दिले, तर मूत्रपिंडांवर तिसरा भार पडतो. तापाला पॅरासिटॅमॉल योग्य मात्रेत चालते. अशक्तपणा आला म्हणून शहाळ्याचे पाणी पाजायची आपली रीत, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. रक्तदाबासाठी म्हणून मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठातही सोडियमऐवजी पोटॅशियमच घातलेले असते, आणि मूत्रपिंड कमकुवत असलेल्या मुलाच्या ताटात त्याला जागा नाही. जुलाबाच्या दिवसांत ‘प्रिल’ची गोळी तात्पुरती थांबवायची का, हे विचारायला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. स्वतःहून ती कायमची बंद करणे हेही तितकेच घातक, कारण एस्केपच्या मुलांत मूत्रपिंडांची घसरण मंदावली ती याच औषधासह ठेवलेल्या कडक नियंत्रणाने.

डायलिसिसवरच्या मुलांचे वेळापत्रक आणखी निराळे. लिसिनोप्रिल आणि अ‍ॅटेनोलॉल डायलिसिसमध्ये रक्तातून धुऊन निघतात, म्हणून ती डायलिसिसनंतर देतात. अ‍ॅम्लोडिपिन निघत नाही. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस चालू असेल, तर डिल्टिआझेमसारखे रक्तदाबाचे औषध यकृतातली वाट अडवून टॅक्रोलिमसची पातळी चढवते. म्हणून अशा मुलाला दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवताना चालू औषधांची पूर्ण यादी, शेवटचे क्रिएटिनिन आणि त्या दिवशीची उंची एका कागदावर लिहून नेलेली बरी. प्रयोगशाळेच्या अर्जावर नाव, वय, लिंग आणि डॉक्टरांचे नाव यांच्या जागा असतात. उंचीची बहुधा नसते.